दारं आणि वासे वगळून

दारू विकणाऱ्या बाईनं मापात खोट केली तर तिला नदीत बुडवावी, असा कायदा राजा हम्मुराबीनं केला, काळ्या दगडावर कोरला आणि तो दगड आमच्या सिप्पारात शमाशदेवाच्या अंगणात उभा केला. त्या दगडावर दोनशेऐंशी कायदे आहेत म्हणतात. गुत्त्यावर येणाऱ्या गड्यांना पाठ मात्र एवढा एकच. पहिला घोट घशाखाली गेला की कुणीतरी हटकून म्हणायचा, "हुमतामावशी, माप भर गं नीट, नदी काही लांब नाही!"

"बुडेन तेव्हा तुला कमरेला बांधून बुडेन, मेल्या. पी आणि चालता हो."

गडी हसायचे. हुमता हसत नसे. पंधरा वर्षं तिनं हा विनोद ऐकला आणि पंधरा वर्षं तिला तेवढाच राग आला. माणसांचा राग शिळा होतो, हिचा होत नसे. आणि का व्हावा? अख्ख्या सिप्पारात जवाची दारू गाळावी तर हुमतानं. माप काठोकाठ, वर फेस वेगळा. आपण कधी थेंबभर खोट केली नाही, आणि राजानं आपल्यासाठी दगडावर काय कोरून ठेवावं, तर बुडवा हिला!

राजा मेला, त्याचा पोरगा गादीवर बसला, त्यालाही नऊ वर्षं झाली. हुमताचा नवरा वराद-सिन चार वर्षांमागं गेला. काठावरून दोर लावून होड्या ओढायचं काम करायचा. खांद्याला घट्टा, तोंडात शब्द नाही. घरातलं सगळं बोलणं हुमताच बोलायची. ते घर, पुढं गुत्ता आणि मागं राहणं, दोघांनी मिळून बांधलं होतं. तो चिखल तुडवायचा, ती साच्यात विटा थापायची, आणि पोटात तेव्हा इल्शू-बानी होता. सात पोरांतला तो एकटा जगला. म्हणून लाडाचा. म्हणूनच नासला, असं शेजारची कुनूतुम म्हणायची. पण हुमतासमोर नव्हे.

या इल्शू-बानीनं लग्न केलं ते भिंतीपलीकडच्या पुझूर-इलीच्या पोरीशी. पुझूर-इली लोकरीचा व्यापारी. त्याला गोदाम वाढवायचं होतं, आणि वाढायला जागा एकच, हुमताचं घर. मधली भिंत पाडली की झालं. आड फक्त म्हातारी.

आधी गोडीनं झालं. "आई, आता या वयात गुत्ता शोभतो का? सासऱ्यांच्या मळ्यावर एक खोली आहे, मस्त हवा."

"तुझ्या सासऱ्यालाच घाल त्या हवेत."

मग गोडी संपली. एके सकाळी तिच्या भट्टीत ओली राख कोंबलेली. दुसऱ्या दिवशी दारू आंबवायच्या जवाच्या भाकरी उकिरड्यावर. मग सासऱ्याच्या शेळ्या तिच्या निजायच्या खोलीत बांधल्या. असं तीन वर्षं चाललं. सून रिबातुम मेंढरासारखी मान खाली घालून म्हणायची, "मला काही ठाऊक नाही बाई." एक दिवस हुमता नदीवरून पाणी घेऊन आली तर तिचा मोठा रांजण, बुडाला भोक असलेला, ज्यातून दारू ठिबकत खाली यायची तो, चार तुकडे होऊन पडलेला. तिच्या सासूचा रांजण होता तो. इल्शू-बानी उंबऱ्याशी उभा राहून दात कोरत होता.

"शेळीनं पाडला," तो म्हणाला.

हुमताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शेळीला मी दूध पाजलं नव्हतं, भडव्या! तुला पाजलं!" असं ओरडत तिनं रांजणाचा एक तुकडा त्याच्या अंगावर फेकला. तो नेमका पुझूर-इलीच्या भिंतीवर आपटला, आणि पलीकडून आवाज आला, "बघा, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय."

कुनूतुम तिला समजवायला आली. "हुमता, दगडापेक्षा वीट मऊ गं. घे मळ्यावरची खोली. रोजच्या भांडणापेक्षा ते बरं."

"माझं घर सोडून मी वीट घेऊ?"

त्या वेळी कोपऱ्यात बसून पीत असलेला एतेल कुंभार म्हणाला, "दगडावर विधवेचं पण काहीतरी आहे म्हणतात, मावशी."

हुमता थबकली. "कुठल्या दगडावर?"

"आपल्या. देवळातल्या. तुला बुडवायचंय त्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवळात गेली. दगडापाशी अविल-इली नावाचा म्हातारा वाचक बसायचा. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्यानं यावं, दगड वाचून घ्यावा आणि जिवाला शांत करावं, असं राजानंच सांगून ठेवलं होतं, त्यासाठी हा माणूस. डोळ्यांनी अधू झाला होता. दगड त्याला हातभर अंतरावरूनही दिसत नसे. पण सगळं पाठ होतं.

"आजोबा, विधवेचं तेवढं सांगा."

"तेवढं येत नाही, बाई. सुरुवातीपासून येतं."

"मग करा सुरुवात!"

अविल-इलीनं घसा खाकरला आणि सुरू केलं. आधी देवांची नावं. मग देवांनी राजाला कसं निवडलं. मग राजानं कुठल्या शहरात कुठलं देऊळ उजळलं, कुठं पाणी नेलं, कुणाची कोठारं भरली. ऊन डोक्यावर यायला लागलं तरी राजाचं कौतुक संपेना.

"आजोबा, हे सगळं कशाला?"

"हे झाल्याशिवाय कायदा येत नाही, बाई."

कायदे आले. खोटा आळ घेणारा, चोर, पळालेला गुलाम, लढाईवर गेलेल्या शिपायाचं शेत, कालव्याचा बांध फुटू देणारा आळशी, खजुराची बाग. हुमता या पायावरून त्या पायावर होत उभी. मग म्हातारा एकदम थांबला आणि नाक वर करून हुंगू लागला.

"तुम्ही दारूवाल्या का हो?"

"ते मला पाठ आहे! पुढं व्हा!"

सावल्या लांब झाल्या तेव्हा विधवा आली. नवऱ्यामागं बाईनं नवऱ्याच्या घरात राहावं. पोरं तिला बाहेर काढायला छळू लागली तर पंचांनी चौकशी करावी, पोरांना शिक्षा द्यावी, बाईनं घर सोडायचं कारण नाही. तिच्याच मनात असेल तर तिनं जावं आणि मनाजोगता नवरा करावा.

"पुन्हा एकदा सांगा," हुमता म्हणाली.

अविल-इलीनं घसा खाकरला आणि पुन्हा देवांच्या नावांपासून सुरू केलं.

तिनं त्याला हातानंच थांबवलं. दगडाच्या वरच्या अंगाला राजा कोरलेला आहे, शमाशदेवासमोर उभा, हात तोंडापाशी धरून. हुमता त्याच्याकडं बघत राहिली. समाधान वाटायचं सोडून तिच्या अंगाचा भडका झाला. तीन वर्षं! तीन वर्षं शेळ्यांच्या लेंड्यांत निजले, आणि हे इथं लिहिलेलं होतं. "बुडवायचं तेवढं घरोघर पोचवलंस," ती राजाला म्हणाली, "आणि हे इथं उन्हात ठेवलंस होय रे?" देवळातल्या माणसांनी माना वळवल्या. अविल-इलीनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

पंच देवळाच्या वेशीत बसायचे. तिघे. थोरल्या पंचाची दाढी कुरळी करून तेल लावलेली, अंगावर झालरीचं वस्त्र. दुसऱ्या सकाळी हुमतानं दगडावरचं सगळं धडाधड सांगितलं. थोरल्या पंचानं जांभई दिली.

"दगडावर काय आहे ते आम्हाला नको सांगू. साक्षीदार आणलेस का?"

"राजानं लिहिलंय! राजाचे शब्द साक्षीला पुरत नाहीत?"

"राजानं तुझा रांजण फुटताना पाहिला का?"

तेव्हा एतेल पुढं झाला, कुनूतुम पुढं झाली, आणि आणखी दोन-तीन गडी, आज न पिता आलेले. राख, भाकरी, शेळ्या, रांजण, सगळं निघालं. इल्शू-बानी म्हणाला, "आईचं वय झालं. मी तिच्या भल्याचंच बघतो." चोराच्या उलट्या बोंबा! पण पंचांना साक्षी पटल्या. घर हुमताचं. पोराला शिक्षा, अर्धं डोकं भादरून गावातून फिरवायची.

"दगडावर आहे म्हणून दिलंत ना?" हुमतानं विचारलं.

"नाही. साक्षी जुळल्या म्हणून."

जिंकूनही तिला राग आला. तशात लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर बोरू टोचत म्हणाला, "हुमताला घर. दारं-वाशांसकट, की वगळून?"

आमच्याकडं हे विचारावंच लागतं. माती आमच्याकडं मोप आहे, लाकूड नाही. ते नदीनं वरच्या मुलखातून येतं. म्हणून घराच्या वाटणीत भिंती एकाच्या आणि दारं-वासे दुसऱ्याच्या असं सर्रास होतं. वराद-सिननं पोराच्या लग्नात दारं आणि वासे त्याच्या नावे लिहून दिले होते. त्या पाटीवर साक्ष म्हणून हुमतानं स्वतःच्या अंगठ्याचं नख उमटवलं होतं. पंच आज सकट म्हणाले असते तर सकट झालं असतं. पंचांची मर्जी होती, हुमताच्या तोंडातून शब्द निघायचा अवकाश.

पण इल्शू-बानी सासऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सगळा जीव लाकडात आहे म्हातारीचा."

"लाकूड घाला तुझ्या मढ्यावर!" हुमता कडाडली. "मला माझं घर पाहिजे! तुमची लाकडं नकोत!"

कुनूतुमनं तिची बाही ओढली. हुमतानं हात झटकला. लेखनिकानं लिहिलं, दारं आणि वासे वगळून. आणि हुमतानं त्याखाली नख दाबलं, दात-ओठ खात.

अर्धं डोकं भादरलेला इल्शू-बानी दुपारी गुत्त्यासमोरून फिरवला गेला. गडी खो खो हसले. हुमतानं हातातलं भांडं सगळ्यात मोठ्यांदा हसणाऱ्याच्या टाळक्यात घातलं. "माझ्या पोराला हसायचा हक्क माझा आहे! उठा, चालते व्हा सगळे!" त्या दिवशी गुत्ता बंद राहिला. आत ती एकटीच येरझारा घालत होती. सूड मिळाला होता आणि तोंड कडू झालं होतं.

तिसऱ्या दिवशी इल्शू-बानी आला. डोक्याला फडकं, मागं चार माणसं, हातात कुऱ्हाड आणि बापाची पाटी. भांडला नाही, ओरडला नाही. माणसांनी रस्त्याचं दार चौकटीतून उचललं. मग आतलं. मग निजायच्या खोलीचं. मग शिडी लावून वर चढले आणि वाशांवरची चटई, माती खाली ढकलू लागले. गाळलेल्या दारूत ढेकळं पडली. हुमता मध्ये उभी राहून बोंबलत होती. त्याच्या पूर्वजांना पाणी मिळू नये म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पूर्वज तिच्या नवऱ्याचे होते.

शेवटचा वासा निघाल्यावर इल्शू-बानी म्हणाला, "तुझं घर तुला, आई. एका विटेला हात लावला असेल तर सांग."

तेच शब्द तिच्या जिव्हारी लागले. शिवी दिली असती तर तिनं दहा परत दिल्या असत्या.

ती पंचांकडं धावली. थोरल्या पंचानं पाटी मागवली. "नख तुझं आहे ना? मग?" ती देवळात गेली. "आजोबा, दारांबद्दल राजा काय म्हणतो?" अविल-इली बराच वेळ ओठ हलवत बसला. सगळं मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत असणार. मग मान हलवली. "पडलेल्या घरात मालक मेला तर बांधणाऱ्याला मारावं, एवढं आहे. दारांचं काही नाही, बाई."

थंडीतला पाऊस आला. कच्च्या विटांच्या भिंतीला डोक्यावर छप्पर नसेल तर दोन पावसांत ती बसते. हुमता चटईच्या आडोशाला बसून बघत होती. आधी भिंतींच्या कडा गोल झाल्या, मग कोपरे घसरले, मग एका सकाळी निजायच्या खोलीची भिंत आवाज न करता आडवी झाली. कुनूतुम म्हणाली, माझ्याकडं ये. हुमता गेली नाही. गेली असती तर पुझूर-इलीनं त्याच दिवशी जागेत लोकर रचली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि खरंच तसंच होतं. मधल्या भिंतीवरून तो रोज डोकावायचा. पाऊस थांबताच त्यानं पंचांकडं अर्ज केला. निकाल घराचा होता. घर राहिलं नाही. सबब जागा वारसाची. पंचांनी सांगितलं, सणाचा महिना सरला की येऊन बघू. घर असेल तर घर, नसेल तर जागा मुलाला.

एक महिना. लाकडाची काटकी नाही. हुमतानं चिखलाच्या ढिगाकडं पाहिलं. मग तिनं साडेतीन शिव्या दिल्या. चौथी अर्धीच राहिली, कारण तिला भट्टी दिसली. पावसात सगळं पडलं होतं, भट्टी उभी होती. जव भाजायची तिची भट्टी. तिनं स्वतः बांधलेली, विटांची गोल कडी एकावर एक, आत कलती ठेवून, वर मिटवलेली. तिला कधी वासा लागला होता?

ती दुसऱ्या दिवशी चिखलात उतरली. भिंतींचीच माती, त्यात पेंढा, तोच जुना साचा. साठीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरत होते, पण जीभ थांबत नव्हती. एक वीट थापली की एक शिवी. पहिली पोराला, दुसरी व्याह्याला, तिसरी पंचाच्या दाढीला. एतेल कुंभार येऊन म्हणाला, "मावशी, मी तुडवू का चिखल?"

"तुडव. पण बोलू नकोस, मोजणी चुकते माझी."

मग कुनूतुम पेंढा घेऊन आली, नि ज्याच्या टाळक्यात भांडं घातलं होतं तोही आला, टेंगूळ बसल्यावर. उन्हात विटा वाळल्या. कडी चढू लागली. चौकट नाही, वर आडवं टाकायला लाकूड नाही, म्हणून आत जायला भोक ठेवलं ते ठेंगणं, कमानीचं. मोठ्या माणसाला रांगूनच जावं लागेल असं. पुझूर-इली भिंतीवरून म्हणाला, "विहीणबाई, घर बांधताय की कबर?"

"तुमच्या मापाची नाही ही. तुमची मोठी लागेल."

महिना सरला. तिघं पंच आले, मागं लेखनिक ओली पाटी घेऊन, पुझूर-इली, आणि त्याच्या मागं इल्शू-बानी. केस परत आले होते, अर्ध्या बाजूला आखूड. अर्धी गल्ली जमली होती.

"हे घर?" पुझूर-इली म्हणाला. "ही भट्टी आहे हो! भाकरी भाजायची!"

थोरला पंच दाढी कुरवाळत घुमटाभोवती एक चक्कर मारून आला. "भट्टीसारखंच दिसतंय खरं."

हुमता भोकाशी जाऊन उभी राहिली. "घर बाहेरून ठरतं का पंच? घरात माणूस जातो. आत जाऊन बघा. वाका."

"मी?"

"मग कोण? निकाल मी द्यायचा आहे का?"

थोरल्या पंचानं झालर गोळा केली, इकडंतिकडं पाहिलं, गुडघ्यावर बसला, मग हातांवर. तेल लावलेली दाढी मातीत लागली. तो आत शिरला, पाठोपाठ दुसरे दोघं. आत चटई होती, चूल होती, कोपऱ्यात एतेलनं घडवलेला नवा रांजण, बुडातून थेंब थेंब ठिबकणारा. वर विटांची कडी घट्ट मिटलेली. आतून पंचाचा आवाज घुमत आला, "घर आहे. लिही."

कुनूतुम रडायला लागली. हुमता रडली नाही. ती लेखनिकापाशी गेली, कारण गेल्या वेळी न ऐकता नख दाबलं होतं. "काय लिहिलंस ते वाच."

लेखनिकानं वाचलं. "वराद-सिनची विधवा हुमता हिला घर आहे. पंचांनी आत जाऊन पाहिलं. न्यायी राजा हम्मुराबीच्या कृपेनं विधवेला छत मिळालं."

"शेवटचं परत वाच."

"राजा हम्मुराबीच्या कृपेनं विधवेला छत मिळालं. असं लिहायची रीत आहे, बाई."

"कृपेनं?" हुमताचा आवाज पार पुझूर-इलीच्या गोदामापर्यंत गेला. "त्यानं चिखल तुडवला का? एक वीट थापली? कुठली ओळ आहे ती? ही?" आणि त्यानं हो म्हणायच्या आत तिनं ओल्या मातीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा, दाबून.

लेखनिक पांढरा पडला. हळूच म्हणाला, "बाई, काय केलंत! राजाचे शब्द पुसणाऱ्याला शाप आहे. दगडाच्या शेवटी लिहिलंय. त्याचा वंश बुडेल."

"वंश?" हुमतानं मान वळवली. "तो बघ तिथं उभा आहे, सासऱ्याच्या मागं. बुडाला, मेल्या. केव्हाच."

इल्शू-बानीनं खाली पाहिलं.

थोरला पंच अजून भोकातून बाहेर येत होता, ढुंगण आधी, मग पाठ, मग मातीनं भरलेली दाढी. उठून त्यानं गुडघे झटकले आणि विचारलं, "काय आरडाओरडा चाललाय? निकाल लिहिलास?"

लेखनिकानं पाटीकडं पाहिलं, हुमताच्या अंगठ्याकडं पाहिलं, आणि पाटी वाळायला उन्हात ठेवली.

"लिहिला," तो म्हणाला. "एवढाच आहे."